खोळंब्याची किंमत



जून २०२५ मध्ये ह्यूस्टन रॉकेट्स या अमेरिकन बास्केटबॉल संघाने आपल्या रोटोरुआच्या स्टीव्हन अ‍ॅडम्सशी तीन वर्षांचा नवा करार केला. रक्कम ३ कोटी ९० लाख अमेरिकन डॉलर. त्याआधीच्या तीन मोसमांत मिळून तो निम्मे सामनेही खेळला नव्हता. आणि जानेवारी २०२६ मध्ये, नव्या कराराचा पहिलाच मोसम निम्म्यावर आला असताना, घोट्याला जबर दुखापत होऊन तो मोसमभरासाठी बाहेर गेला.

तेव्हापासून वर्गाच्या मधल्या सुट्टीत मुलांचा एकच वाद चालू आहे. "काका, जो सारखा दुखावतो त्याला एवढे पैसे कशाला?" पालकांचे मतही फार वेगळे दिसत नाही. एका काकूंनी तर "असून अडचण, नसून खोळंबा" अशी म्हणच ऐकवली. (मुलांसाठी : खोळंबा म्हणजे एखादी व्यक्ती किंवा वस्तू नसल्यामुळे काम अडून राहणे.) आमचे मत मात्र उलटे आहे. रॉकेट्सनी दिलेले पैसे योग्य होते, आणि घोटा दुखावल्यानंतरही ते योग्यच राहतात. ते कसे, हे येथे आकडेमोडीसह मांडत आहोत. इंजिनिअरच्या हाती लेखणी दिली की हे व्हायचेच!

आधी अ‍ॅडम्स करतो काय, ते पाहू. सहा फूट अकरा इंच उंचीचा हा गडी १९९३ साली रोटोरुआत जन्मला. वडील मूळचे इंग्लंडचे, आई टोंगाची, आणि भावंडे इतकी की घरातच दोन संघ व्हावेत. बीजिंग (२००८) आणि लंडन (२०१२) ऑलिंपिकमध्ये गोळाफेकीचे सुवर्णपदक मिळवणारी व्हॅलेरी अ‍ॅडम्स ही त्याची सावत्र बहीण. वेलिंग्टनच्या स्कॉट्स कॉलेजातून तो अमेरिकेतील पिट्सबर्ग विद्यापीठात गेला आणि २०१३ मध्ये एनबीएच्या निवडीत बारावा निवडला गेला. पण तो गुणांचा पाऊस पाडणारा खेळाडू नव्हे. सहकाऱ्याला वाट मिळावी म्हणून प्रतिस्पर्ध्याच्या आड भिंतीसारखे उभे राहणे, आणि आपल्या संघाचा नेम हुकला की गर्दीत घुसून तोच चेंडू पुन्हा हस्तगत करणे, हे त्याचे काम.

ज्यांना कबड्डी ठाऊक आहे त्यांना हे चटकन कळेल. टाळ्या मिळतात चढाई करणाऱ्याला. पण कोपऱ्यातला जो गडी घोटा धरून ठेवतो आणि बाकीच्यांना झेप घ्यायला वेळ मिळवून देतो, तो नसला की पकडच होत नाही. अ‍ॅडम्स हा असा कोपऱ्यातला गडी आहे. एनबीएत अशांना 'रोल प्लेअर' म्हणतात, म्हणजे नाटकातले दुय्यम पात्र म्हणा ना. आपल्याकडे नाट्यसंमेलनात मुख्य नटाचा सत्कार होतो, पण पडदा वेळेवर पडला नाही तर काय होते हे गणेशोत्सवात पडदा ओढणाऱ्यांना विचारावे.

आता मुलांचे गणित. एका मोसमात प्रत्येक संघाचे ८२ सामने, म्हणजे तीन मोसमांचे २४६. त्यांतले अ‍ॅडम्स खेळला २०२२-२३ मध्ये ४२, २०२३-२४ मध्ये शून्य आणि २०२४-२५ मध्ये ५८. बेरीज बरोबर १००. म्हणजे शेकडा ४१. वर्षाला सरासरी १ कोटी ३० लाख डॉलर आणि सामने ३३, म्हणजे एका सामन्याला जवळजवळ ४ लाख डॉलर! सातवीतल्या एका मुलीने हा हिशेब वहीच्या मागच्या पानावर करून दाखवला. भागाकार अचूक होता, हे आधी सांगतो. पण नेमके काय मोजायचे, हा प्रश्न भागाकाराच्या आधी येतो.

२०२३ च्या जानेवारीत त्याच्या उजव्या गुडघ्याचा स्नायुबंध दुखावला. विश्रांतीने तो बरा होईल असे वाटले, झाला नाही. ऑक्टोबरमध्ये शस्त्रक्रिया करावी लागली आणि पुढचा सबंध मोसम गेला. म्हणजे २०२२-२३ चा गेलेला उत्तरार्ध आणि २०२३-२४ चे शून्य, या दोन दुखापती नाहीतच. एकच दुखापत दोन खात्यांवर लिहिली गेली आहे. आमच्या धंद्यात हे रोजचे. एकाच बिघाडाच्या चाळीस तक्रारी येतात आणि साहेबांना वाटते की प्रणालीत चाळीस बिघाड आहेत. शिवाय २०२४-२५ मध्ये हुकलेल्या सामन्यांपैकी काही तर संघाने ठरवून दिलेली विश्रांती होती. ओळीने दोन दिवस सामने आले की त्यातल्या एकाला त्याला बसवत. वर्षातून एकदा गाडी 'वॉरंट ऑफ फिटनेस' साठी गॅरेजात उभी राहिली, तर तिला कोणी 'सारखी बंद पडणारी गाडी' म्हणत नाही.

आणि त्याआधीचा काळ? पहिल्या सहा मोसमांत तो एकदाही ७० सामन्यांच्या खाली गेला नाही. अर्थात तेव्हाचे शरीर आता नाही, वय पस्तिशीकडे चालले आहे, म्हणून ७० धरणे हा भाबडेपणा झाला. मुलांचे ३३ ही कमी आणि ७० ही जास्त. आम्ही ५० धरतो. यावर वाद होऊ शकतो, होऊ द्यावा.

पुढचा हिशेब असा. २०१६ मध्ये ओक्लाहोमा सिटी थंडरने त्याला चार वर्षांचे १० कोटी डॉलर दिले होते. वर्षाला अडीच कोटी. एनबीएत प्रत्येक संघाच्या पगाराला वरून एक मर्यादा असते. तो करार सुरू झाला त्या २०१७-१८ मध्ये ती सुमारे ९ कोटी ९० लाख होती, म्हणजे संघाच्या ताटातला चौथा हिस्सा एकट्या अ‍ॅडम्सच्या वाटीत. तेव्हा तो सामन्याला ३३ मिनिटे आणि मोसमात ८० च्या आसपास सामने खेळत असे. २०२४-२५ मध्ये मिनिटे १४ होती, आणि सामने आमच्या अंदाजाने ५०. चौदा भागिले तेहतीस, गुणिले पन्नास भागिले ऐंशी : उत्तर पावपेक्षा किंचित जास्त. चौथ्या हिश्श्याचा पाव म्हणजे सोळावा हिस्सा. २०२५-२६ ची मर्यादा १५ कोटी ४६ लाख डॉलर होती, तिचा सोळावा हिस्सा, वरचे किंचित धरून, एक कोटीच्या घरात जातो.

रॉकेट्सनी दिले सरासरी १ कोटी ३० लाख. तर हे वरचे ३० लाख कशाचे? आमच्या मते ते खोळंब्याचे.

२ मे २०२५ चा सामना आठवा. ज्यांनी पाहिला नाही त्यांनी मुलांना विचारावे, त्यांना मिनिटागणिक पाठ आहे. गोल्डन स्टेट वॉरियर्सविरुद्ध सात सामन्यांच्या मालिकेत रॉकेट्स २-३ असे मागे, आणखी एक हार म्हणजे घरी. त्या दिवशी अ‍ॅडम्स नेहमीच्या १४ ऐवजी ३१ मिनिटे खेळला. मोसमात सामन्याला सरासरी चार गुणही न करणाऱ्या या माणसाने १७ गुण केले. समोरचे मुद्दाम त्याला धक्के देऊन फ्री थ्रो घ्यायला लावत होते, कारण ते त्याला धड जमत नाहीत हे जगजाहीर आहे. तरी त्यातलेही निम्म्याहून जास्त त्याने घातले. रॉकेट्स ११५-१०७ असे जिंकले. सातवा सामना ते हरले, हे खरे. पण सरासरीच्या तक्त्यात हा ३१ मिनिटांचा दिवस आणि नोव्हेंबरातला एखादा कंटाळवाणा मंगळवार सारख्याच मोलाचे धरले जातात, आणि संघाचा मालक तसे धरत नाही. पुणे-मुंबई प्रवासात घाटात लागणारे जादा इंजिन आठवते ना? बाकीच्या मार्गावर त्याचे काम नसते, म्हणून मैलाच्या हिशेबाने ते फार महाग पडते. पण त्याच्याविना गाडी कर्जतलाच उभी राहील.

क्रिकेटवाल्या पालकांसाठी आपल्या न्यूझीलंडचेच उदाहरण आहे. शेन बाँडच्या पाठीने त्याला कधी धड खेळू दिले नाही. २००१ ते २००९ या काळात अवघ्या १८ कसोट्या, पण बळी ८७. तो तंदुरुस्त असला की संघाचा नूरच बदलत असे. दुभत्या गाईच्या लाथा गोड म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. बाजार मात्र इतका समंजस नसतो. काइल जेमिसनला २०२१ च्या आयपीएलसाठी १५ कोटी रुपये मिळाले. पुढे पाठ दुखावून तो संघाबाहेर असताना २०२३ च्या मोसमासाठी बोली लागली फक्त १ कोटीची, आणि तो मोसमही पाठीमुळेच गेला. आम्हांला विचाराल तर १५ कोटीही चूक होते आणि १ कोटीही. पहिल्या वेळी दुखापतीची शक्यता कोणी मोजलीच नाही, दुसऱ्या वेळी तिच्याशिवाय काही मोजले नाही.

आता जानेवारीच्या घोट्याकडे येऊ. "बघा काका, आम्ही सांगत होतो!" असे मुले म्हणाली. पण ५० सामन्यांचा अंदाज म्हणजे दरवर्षी ५० खेळणारच अशी हमी नव्हे. कधी ७०, कधी ३०, असे मिळून ते ५० होतात. वाईट वर्ष येणार हे किमतीत आधीच धरले होते. ते पहिल्याच वर्षी आले, एवढेच.

खरा मतभेद पुढे आहे. एनबीएतील असे करार बहुधा हमीचे असतात, म्हणजे खेळाडू जायबंदी झाला तरी पगार चालू. काही पालकांना हे अन्यायाचे वाटते : खेळला तेवढ्याचेच द्यावे. हे आम्हांला अजिबात मान्य नाही. अडीच कोटींची ऐपत असलेल्याला १ कोटी ३० लाख देताना "तू दुखावशील" म्हणून रक्कम आधीच कापली आहे. तो दुखावल्यावर पुन्हा कापायची, तर एकाच कारणासाठी दोनदा दंड झाला. खेळेल तेवढ्याचेच द्यायचे असेल तर जरूर द्यावे, पण मग दर चढा लावावा. धोका कोणीतरी घ्यायचाच आहे. जो घेतो त्याला त्याचे मोल मिळाले पाहिजे.

आम्ही काही वर्षे तासाच्या दराने सॉफ्टवेअरची कामे केली आहेत, तेव्हा हे पुस्तकी ज्ञान नव्हे. अंगात ताप असला की त्या दिवसाचे पैसे नाहीत, सुट्टीचे नाहीत, म्हणून तासाचा दर कायम नोकरीवाल्यापेक्षा बराच जास्त. हा सौदा सरळ आहे. पण एका कंपनीने (नाव कशाला घ्या) आम्हांला कायम नोकरीचा दर आणि तासाच्या कामाच्या अटी असा प्रस्ताव दिला होता. वर "तुम्ही धडधाकट दिसता, तुम्हांला काय फरक पडतो?" हेही ऐकवले. खेळला तरच पैसे, आणि तेही कापलेल्या दराने, असे म्हणणारे पालक अ‍ॅडम्सपुढे नकळत हाच कागद ठेवत आहेत.

या देशाने तर हा प्रश्न अर्धशतकापूर्वी सोडवायला घेतला. १ एप्रिल १९७४ पासून येथे एसीसी आहे. अपघात कामावर होवो, घरच्या शिडीवरून होवो वा रग्बीच्या मैदानावर, चूक कोणाची हे न विचारता उपचाराचा भार उचलला जातो, आणि कमावत्या माणसाला पहिल्या आठवड्यानंतर, ठरावीक कमाल मर्यादेपर्यंत, उत्पन्नाच्या ८० टक्के मिळतात. आपण सगळेच पगारातून त्याची वर्गणी भरतो आणि पगाराच्या चिठ्ठीवर ती पाहून कुरकुरतोही. आजारपण त्यात बसत नाही, ही त्यातली मोठीच उणीव. पण खेळताना पाय मोडला म्हणजे गुन्हा केला नाही, इतके तरी त्या कायद्याने मान्य केले आहे.

हे एवढे लांबवण्याचे कारण अ‍ॅडम्स नव्हे. त्याचे बरे चालले आहे. 'सारखा दुखावतो' हे शब्द आपली मुले एकमेकांबद्दलही वापरू लागली आहेत, हे कारण. गेल्या हिवाळ्यात वर्गातल्या एका मुलाने मुरगळलेला पाय आठवडाभर लपवला, का तर शाळेच्या संघात तसा शिक्का बसेल म्हणून. तो मुलगा चांगला बचाव करतो आणि गुण फारसे करत नाही. म्हणजे संघातून सर्वांत आधी कोणाला काढतील हे त्यालाही ठाऊक होते. सूज सॅन्डलमध्ये मावेना तेव्हा आईच्या लक्षात आले. एरवी पंधरा दिवसांत बरा होणारा पाय पुढे दीड महिना बांधून ठेवावा लागला. जानेवारीतली दुखापत ऑक्टोबरात शस्त्रक्रियेपर्यंत कशी जाते, ते आपल्याच वर्गात छोट्या प्रमाणावर पाहायला मिळाले.

असो. रॉकेट्सच्या जागी आम्ही असतो तर पहिली दोन वर्षे १ कोटी ३० लाख पूर्ण हमीने दिले असते. तिसऱ्या वर्षी रक्कम थोडी कमी ठेवली असती, कारण तेव्हा अ‍ॅडम्स ३४ वर्षांचा असेल. आणि ओळीने दोन दिवस सामने आले की एकाला विश्रांती, हे करारातच लिहिले असते.

ज्यांचा आकडा वेगळा येतो त्यांनी हिशेब कागदावर मांडून पुढच्या शनिवारी आणावा. दोन्ही बाजूंचे कागद पुढील अंकात छापू. कॅल्क्युलेटर चालेल, आई-बाबांची मदत चालेल, मात्र मजकूर मराठीत हवा आणि आकडे देवनागरीत.