नदीतली मगर आणि किनाऱ्यावरचे आपण

जून 2024 च्या अखेरीस चिपळूणच्या भर रस्त्यावर पावसात चालणाऱ्या मगरीचा व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिला. हसलो, पुढे पाठवला आणि विसरलो. पण वाशिष्ठी आणि शिव नदीच्या काठी राहणाऱ्यांना ही गोष्ट नवी नाही. सांगलीकडे भिलवडी, औदुंबर परिसरात कृष्णेच्या काठावरही हीच भीती आहे. तिथे तर माणसांचे जीव गेले आहेत.

मगर गावात का येते? उन्हाळ्यात ती काठच्या मातीत, वाळूत अंडी घालते. पावसाच्या तोंडावर पिल्ले बाहेर येतात, तेव्हा मादी जास्त आक्रमक असते. वाळूउपशाने तिची जागा गेली. पुराच्या पाण्याबरोबर ती नाल्यातून वस्तीत शिरते. आणि तिला काठाजवळ थांबवणारी एक गोष्ट आपण स्वतः करतो: चिकन-मटणाच्या दुकानातला कचरा आणि मासळीची घाण नदीत टाकणे.

इथे आपल्या घरातलेही बोलले पाहिजे. 2023, 2024, 2025 ही तिन्ही वर्षे बकरी ईद जूनमध्ये आली, म्हणजे नेमकी पावसाच्या तोंडावर. कुर्बानीनंतरची आतडी, चामड्याचे तुकडे काही जण रात्री पुलावरून खाली टाकतात. सगळेच टाकतात असे नाही, पण टाकणारे आहेत. पाकी-सफाईचे धडे आपण मुलांना देतो, मग नदीला ते लागू नाहीत का? दुसऱ्या दिवशी त्याच काठावर कपडे धुवायला कुणाची तरी अम्मी बसते, पोहायला कुणाचा तरी मुलगा उतरतो.

दोष फक्त लोकांचा नाही. ईदच्या तीन दिवसांत वेगळी घंटागाडी, खोल खड्डे, धोक्याच्या घाटावर मोठा फलक आणि कुंपण ही कामे नगरपालिका, ग्रामपंचायतीची आहेत. मोहल्ला कमिटीने ईदच्या पंधरा दिवस आधी लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. तोंडी सांगितलेले कुणाला आठवत नाही.

मगर दिसली तर दगड मारू नका, सेल्फीला जवळ जाऊ नका. वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात मगर पहिल्या अनुसूचीत आहे, तिला मारणे गुन्हा आहे. हल्ल्यात माणूस दगावल्यास राज्य सरकार वारसांना 25 लाख रुपये देते. त्यासाठी वनविभागाला लगेच कळवून पंचनामा करून घ्यावा लागतो. हे किती घरांना ठाऊक आहे?

मी वर्गात विचारले, “नदीवर कोण जातो?” अर्ध्याहून जास्त हात वर आले. “मगर असते हे माहीत आहे?” तेच हात पुन्हा वर. म्हणजे मुलांना माहिती आहे, सवय मात्र मोडलेली नाही. पहाटे आणि संध्याकाळी पाण्यात उतरायचे नाही, एकट्याने जायचे नाही, गढूळ पाण्याच्या काठावर वाकून बसायचे नाही. एवढे तीन नियम तरी आज रात्री जेवताना मुलांना सांगा. आणि घरातली घाण कुठे जाते, तेही एकदा बघा.