झारची लेक

परवा चहाच्या वेळी आमच्या एका सहकाऱ्याने अनास्तासियाला ‘झारिना’ म्हटले आणि माझा चहा गार झाला. अहो, झारिना म्हणजे झारची बायको! लेकीची रक्कम आईच्या खात्यात? आम्ही कॉमर्सवाले असली नोंद लाल शाईने खोडतो.

जुन्या रशियात झारची लेक म्हणजे ‘त्सारेव्हना’. 1682 ते 1689 राज्यकारभार हाकणारी सोफिया त्यातलीच. पुढे सम्राटकन्या झाल्या ‘वेलिकाया क्न्याझ्ना’, आणि लग्नानंतर ‘क्न्यागिन्या’. आपल्या कु. आणि सौ.सारखेच की! पण इंग्रजांनी दोघींवर एकच शिक्का हाणला: ‘ग्रँड डचेस’. क्न्याझ म्हणजे राजपुत्र. मध्येच हा ड्यूक कुठून उपटला?

‘नावात काय आहे?’ म्हणाल, तर ऐका. 1797 च्या पॉलच्या कायद्याने घराण्यात एक जरी लायक पुरुष शिल्लक असला तरी मुलीला गादी नाही. म्हणजे पासबुक सोनेरी, शिल्लक शून्य! निकोलसच्या चारही मुली 1918 साली येकातेरिनबुर्गच्या तळघरात गोळ्यांना बळी पडल्या. हक्क कुणी दिला नाहीच. निदान नाव तरी धड घ्या!