जुन्या पोलादाची साक्ष

गारगोटीच्या पंचक्रोशींतील ऊस बिद्रीच्या दूधगंगा-वेदगंगा सहकारी कारखान्यासारख्या ज्या कारखान्यांत गाळला जातो, तेथील सारें काम बॉयलरच्या वाफेवर चालतें. म्हणून बॉयलरचें पोलाद हा केवळ इंजिनियरांचा प्रश्न होय असें आम्हांस वाटत नाहीं. १९२३ चा कायदा जाऊन २०२५ चा बॉयलर कायदा आला. परंतु पोलादाचा धर्म कायद्याबरोबर बदलत नाहीं. पाण्याच्या दाबाची परीक्षा बॉयलर आज टिकतो एवढेंच सांगते. वर्षानुवर्षे तापलेलें पोलाद आंतून किती थकलें, तें सांगत नाहीं. त्यासाठीं ध्वनिलहरींनीं नळ्यांची जाडी मोजावी लागते, पोलादाच्या पृष्ठभागाचा ठसा सूक्ष्मदर्शकाखालीं पाहावा लागतो. ४०० अंशांवर चालणाऱ्या बॉयलरास १,००,००० तासांनंतर, व त्याहून कमी तपमानाच्या बॉयलरास २५ वर्षांनंतर, अशी तपासणी नियमांनींच सांगितली आहे. परंतु तिचा अहवाल कपाटांत पडून राहिल्यास उपयोग काय? कारखाना सहकारी, म्हणजे मालक शेतकरी; आणि बॉयलरजवळ जीव धोक्यांत असतो तो कामगाराचा. या दोघांपुढें तो अहवाल दरवर्षीं मराठींत ठेवावा, एवढेंच आमचें मागणें आहे. स्फोटानंतर चौकशी नेमणें सोपें. त्यापूर्वीं पोलादाची साक्ष घेणें हेंच खरें कर्तव्य होय.