मांडी हे आसन नव्हे

सुट्ट्या लागल्या की मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटारींची रीघ लागते. टोलनाक्यावर रेंगाळलेल्या या मोटारींच्या आत नजर टाकली, तर एक दृश्य हमखास दिसते. वडील चालकाच्या आसनावर, पट्टा बांधून. शेजारी आई, तीही पट्टा बांधून. आणि तिच्या मांडीवर समोरचा रस्ता कौतुकाने न्याहाळणारे वर्ष-दीड वर्षाचे बाळ. थोरले भावंड पुढच्या दोन आसनांमधील जागेत उभे असते. छताची काच उघडून अर्धे अंग बाहेर काढलेली मुलेही अलीकडे दिसू लागली आहेत. दंडाच्या धाकाने का होईना, मोठ्यांनी स्वतःला बांधून घेतले; ज्याचा देह सर्वांत कोवळा, तेवढेच मोकळे राहिले.

या आईवडिलांना बेपर्वा म्हणता येणार नाही. मायेपोटीच त्यांनी बाळाला जवळ घेतलेले असते. आईच्या मांडीइतकी सुरक्षित जागा जगात दुसरी नाही, ही पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा आहे. घरात, अंगणात, अगदी बैलगाडीतही ती खरी होती. ताशी शंभर किलोमीटर वेगाने धावणाऱ्या मोटारीत मात्र ती खरी नाही, आणि हे कटू सत्य स्वीकारायला आपले समाजमन अजून तयार नाही.

हिशेब साधा आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाची मोटार अडथळ्यावर आदळली, तर तिच्यातील मोकळ्या मुलाला बसणारा तडाखा सुमारे १० मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून खाली पडण्याइतका असतो. दहा किलो वजनाचे बाळ त्या क्षणी दीडशे किलोहून अधिक जोराने पुढे फेकले जाते. डोळ्याची पापणी लवण्याइतक्या वेळात घडणारा हा आघात कोणत्याही आईचे, कोणत्याही पहिलवानाचे हात पेलू शकत नाहीत. आईने स्वतः पट्टा बांधलेला नसेल, तर तिच्याच देहाचा भार बाळावर पडतो. पुढच्या बाजूची एअरबॅग प्रौढांसाठी बनवलेली असते; तिच्यासमोर बसलेल्या बाळाला ती वाचवण्याऐवजी इजाच करते.

मोठ्यांचा पट्टा मुलाला बांधला, तरी काम भागत नाही. प्रौढाच्या देहावर तो छातीवरून आणि कमरेच्या हाडावरून जातो. मुलाच्या देहावर तोच पट्टा गळ्यावर आणि पोटावर येतो. म्हणूनच तान्ह्या बाळासाठी गाडीच्या मागच्या दिशेला तोंड असलेले आसन, त्याहून मोठ्या मुलासाठी स्वतःचे पट्टे असलेले पुढे तोंडाचे आसन आणि त्यानंतर मुलाला उंच करून मोठ्यांचा पट्टा योग्य जागी आणणारी ‘बूस्टर’ बैठक, अशा तीन पायऱ्या आहेत. युरोपातील देशांत मुलाची उंची १३५ ते १५० सेंटिमीटर होईपर्यंत अशा साधनाची सक्ती आहे. योग्य बालआसनामुळे तान्ह्या बाळांचे अपघाती मृत्यू ७१ टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

आपल्याकडे कायदा नाही, असे नाही. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९४ ब आले. चौदा वर्षांखालील मूल ‘सुरक्षा पट्टा किंवा बालआसन’ यांनी बांधलेले नसेल, तर चालकाला एक हजार रुपये दंड, असे ते कलम सांगते. सारी गफलत त्या ‘किंवा’मध्ये आहे. कोणत्या वयाच्या, किती उंचीच्या मुलाला काय हवे, हे कलम सांगत नाही. दोन वर्षांच्या मुलाच्या गळ्यावरून मोठ्यांचा पट्टा ओढून घेतला, तरी कायद्याच्या शब्दाचे पालन होते. मुलाचे रक्षण मात्र होत नाही. आश्चर्य असे की, दुचाकीच्या बाबतीत शासनाने अधिक बारकाईने विचार केला. फेब्रुवारी २०२२ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांनी नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलांसाठी चालकाशी जोडणारा सुरक्षा पट्टा, शिरस्त्राण आणि ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा निश्चित केली. तेथे अडचण अंमलबजावणीची आहे. मोटारीच्या बाबतीत मुळात नियमच मोघम आहे.

अशी पळवाट अन्यत्रही ठेवली गेली होती. अमेरिकेतील टेनेसी राज्याने १९७७ साली बालआसनाचा कायदा केला. तो त्या देशातील पहिला. बालरोगतज्ज्ञ डॉ. रॉबर्ट सँडर्स यांनी त्यासाठी लोकप्रतिनिधींचे उंबरे झिजवले. तरीही त्यात एक सवलत घुसलीच : मोठ्या माणसाने मूल हातात धरले, तर आसनाची गरज नाही. मुलांना चिरडणारी तरतूद अशा शब्दांत तिच्यावर टीका झाली आणि १९८१ साली ती रद्द करावी लागली. १९८५ पर्यंत त्या देशातील सर्व राज्यांनी बालआसनाचे कायदे केले. मांडीचा मोह तिकडेही होता. कायद्याने आणि डॉक्टरांच्या चिकाटीने तो सोडवला.

ही परदेशी थेरे आपल्याला कशाला, असे विचारणारे भेटतील. पण आघाताचा नियम अमेरिकेतील बाळाला आणि अमरावतीतील बाळाला सारखाच लागू होतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांत अठरा वर्षांखालील ९,५२८ होती. म्हणजे दररोज सव्वीस मुले. यांतील बरीच पायी चालणारी किंवा दुचाकीवरची असतात, हे खरे. पण म्हणून मोटारीतील मूल वाऱ्यावर सोडावे, असे कोण म्हणेल?

खर्चाचा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे. चांगल्या आसनाला काही हजार रुपये पडतात आणि मूल वाढले की ते अडगळीत जाते. परंतु आठ-दहा लाखांची मोटार घेताना तिला किती ‘तारे’ आहेत, हे आपण आवर्जून विचारतो. २०२३ साली सुरू झालेल्या ‘भारत एनकॅप’ चाचणीत बालसुरक्षेचे तारे देताना दीड आणि तीन वर्षांच्या मुलांच्या आकाराचे पुतळे बालआसनात बसवलेले असतात. मांडीवरच्या बाळाला ते तारे लागू नाहीत.

शासनाने आता पुढचे पाऊल उचलावे. ‘किंवा’ची पळवाट बंद करून वय आणि उंचीनुसार कोणते आसन हवे, हे नियमांत स्पष्ट लिहावे. लहान मुलांना पुढच्या आसनावर बसवण्यास मनाई करावी. बालआसनांवरील कर उतरवावा, भाड्याच्या मोटारींसाठी व्यवहार्य तरतूद करावी आणि दंडाची पावती फाडण्यापूर्वी काही महिने प्रबोधनाला द्यावेत. प्रसूतिगृहातून बाळ घरी निघते, त्याच दिवशी आईवडिलांना हे सांगण्याची जबाबदारी डॉक्टरांनीही घ्यावी.

मात्र सारे काही शासनावर सोपवून मोकळे होणे, हा समाजाचा धर्म नव्हे. पुण्यात हेल्मेटसक्तीला झालेला विरोध पाहता, केवळ दंडाने सवयी बदलत नाहीत, हे उघड आहे. गावोगावी कार्यकर्ते रुग्णोपयोगी साहित्य केंद्रे चालवतात; खाटा, कुबड्या, चाकांच्या खुर्च्या अल्प अनामत घेऊन देतात. त्याच फळीवर चार बालआसने ठेवली, तर खर्चाचा प्रश्न पुष्कळसा सुटेल. फक्त अपघात सोसलेले किंवा तडा गेलेले आसन पुन्हा कोणाला देऊ नये. बारशाला चांदीचे वाळे आणि डझनभर झबली येतात. मोटार असलेल्या घरी आत्या-मावश्यांनी मिळून एक आसन दिले, तर त्याहून मोठा आशीर्वाद कोणता?

बाळ पहिल्या दिवशी रडेल. आजी म्हणेल, ‘कशाला बांधून ठेवता लेकराला?’ त्या वेळी आईवडिलांनी दोघांचीही समजूत घालावी, पण पट्टा सोडू नये. आईची मांडी ही बाळाची हक्काची जागा आहेच. ती घरी सुखरूप पोहोचल्यावर.