समकालीन कोण?

ज्ञानोबा-तुकाराम आपण एका दमात म्हणतो, आणि वर्गातली मुले दोघांना एकाच शतकात बसवून मोकळी होतात. मी मराठीचा मास्तर. ही गल्लत निस्तरणे माझ्याच वाट्याला येते. ज्ञानेश्वरीत शके १२१२ नोंदलेला आहे, म्हणून बरे. डायनोसॉरांनी शक कुठे घालावा?

मुलांच्या चित्रांच्या पुस्तकांत अ‍ॅलोसॉरस आणि टिरॅनोसॉरस रेक्स शेजारी शेजारी दात विचकीत असतात. प्रत्यक्षात पहिला सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीचा. दुसरा ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी संपला. म्हणजे, वाचकहो, काळाच्या हिशेबाने रेक्सला अ‍ॅलोसॉरसपेक्षा आपणच जवळचे!

हे कळले कसे? हाड ज्या वालुकाश्मात सापडते त्याचे कण आणखी जुन्या खडकांतून वाहत आलेले; त्यांचे वय काढून हाडाचे वय कळत नाही. मात्र वरखाली ज्वालामुखीच्या राखेचे थर असतात. राखेतल्या झिरकॉनच्या स्फटिकांत युरेनियमचे ठरलेल्या गतीने शिसे होत जाते. दोन्हींचे प्रमाण मोजले की राखेचे वय मिळते, आणि हाड त्या दोन वयांच्या मध्ये बसते.

अ‍ॅलोसॉरसचे खरे सोबती अमेरिकेतल्या युटा राज्यात क्लीव्हलंड-लॉइड येथे भेटतात. तिथे किमान ४६ अ‍ॅलोसॉरसांच्या हाडांबरोबर सेरॅटोसॉरस आणि टॉर्व्होसॉरस या शिकाऱ्यांचीही हाडे निघाली. तरीही एका थरात मिळाले म्हणून ते एकाच दिवशी पाणवठ्यावर आले असे ठरत नाही. थर सावकाश साचतो.

‘समकालीन’ हा शब्द आम्ही वर्गात फार सैल हाताने वापरतो. दगड वाचणारे तो मोजून मापून वापरतात.