फसलेलं इंजिन आणि आमचा नातू

मे महिन्यात नागपूरला मुलाकडे गेलो होतो. जेवताना विषय नातवाचा निघाला. दोन वर्षांनी त्याने इंजिनिअरिंग सोडलं आणि आयटीआयला फ्रिज-एसीच्या ट्रेडला नाव घातलं, हे तुम्हा नातलगांना ठाऊकच आहे. कोणीतरी म्हणालं, "हा म्हणजे वांकेलचं इंजिन झाला. गाजावाजा फार, पण रस्त्यावर टिकलं नाही!" सगळे हसले. नातू हसला नाही.

मी मराठी घेऊन बी.ए. झालेला मास्तर. वांकेल कोण, हेच मला माहीत नव्हतं. अड्याळला परतल्यावर थोडं वाचलं, थोडं नातवालाच फोनवर विचारलं.

मोट आठवा. बैल उतारावरून जातात तेव्हा पाणी वर येतं. उलट पावली येतात तेव्हा मोट रिकामीच खाली जाते. साध्या इंजिनातला दट्ट्या अशीच ये-जा करतो. रहाट मात्र एकाच दिशेने फिरत राहतो. फेलिक्स वांकेल या जर्मन माणसाने जणू मोटेचा रहाट केला. फुगीर बाजूंचा त्रिकोण बंद घरात फिरतो आणि त्याच्या तीन बाजूंच्या पोकळ्या लहान-मोठ्या होतात. १९५७ साली त्याचं पहिलं इंजिन चाललं. १९६४ मध्ये एनएसयूने तशी मोटार आणली, १९६७ मध्ये माझ्दाने. पण इंजिन पेट्रोल फार प्यायचं आणि त्रिकोणाच्या टोकांवरच्या पट्ट्या झिजायच्या. बहुतेक कंपन्यांनी नाद सोडला.

हसणार्‍यांना गोष्ट इथपर्यंतच ठाऊक होती.

याच रचनेतून आग काढून टाकली की उरतो हवा दाबणारा पंप. जाळायचं काही नाही, म्हणून धूर नाही आणि तापणंही कमी. खरं तर इंजिनाच्याही आधी, १९५६ मध्ये, एनएसयूच्या विक्रमासाठी धावणार्‍या चिमुकल्या गाडीला वांकेलने असाच पंप करून दिला होता. पुढे मोटारींच्या एसीसाठीही असे कॉम्प्रेसर निघाले. काही मोटारींच्या सीटबेल्टमध्ये असाच छोटा त्रिकोण असतो. टक्कर होताच गॅसच्या धक्क्याने फिरून तो पट्टा आवळतो.

अमेरिकेतल्या रूट्स बंधूंचंही तेच. लोकरीच्या गिरणीसाठी पाण्यावर चालणारं यंत्र करायला गेले आणि हाती आला हवा फुंकणारा ब्लोअर. १८६० मधला तो प्रकार आजही सांडपाण्याच्या टाक्यांत हवा सोडतो.

आणि आम्ही ज्या थंड खोलीत बसून हसलो, तिथल्या एसीत? नातू म्हणाला, घरच्या एसीत बहुधा फिरता कॉम्प्रेसरच असतो. गोल डब्यात मधोमध नव्हे, तर जरा बाजूला सरकवून बसवलेला रूळ गरगरतो आणि गॅस दाबतो. रचना वांकेलची नव्हे, पण कूळ फिरणार्‍यांचंच.

प्रत्येक फसलेल्या गोष्टीला दुसरं काम मिळतंच, असं मी म्हणत नाही. इंजिनाचा पंप करतानाही हवा येण्या-जाण्याच्या वाटा बदलाव्या लागतात. नातवालाही हात काळे करावेच लागतील. पण "या कामात जमलं नाही" आणि "निकामी" यांत फरक आहे, एवढंच माझं म्हणणं.

हे मलाही उशिराच कळलं. मी आयुष्यभर लाल शाईने "नापास" लिहिलं. कोणत्या विषयात, हे प्रगतिपुस्तकात स्पष्ट असायचं. पण वर्गात वाचून दाखवताना मी विषय गाळायचो आणि नुसतं पोराचं नाव घ्यायचो.

दिवाळीला तुम्ही सगळे अड्याळला येणार आहात. कृपा करून त्याला "इंजिनिअरिंगचं काय झालं?" असं विचारू नका. विचारायचंच असेल तर फ्रिज थंड का होत नाही, ते विचारा. आमचा दोन महिन्यांपासून होत नाही... मी त्याचीच वाट पाहतो आहे.