मातृकंपनीचे दोन खिसे

अड्यार हे नाव मराठी वाचकाला परिचित आहे ते थिऑसॉफिकल सोसायटीमुळे. १८७५ साली न्यूयॉर्कमध्ये स्थापन झालेली ही संस्था १८७९ मध्ये मुंबईत आली, काही काळ गिरगावात नांदली आणि १८८२ च्या अखेरीस तिने आपले जागतिक मुख्यालय मद्रासच्या दक्षिणेला, अड्यार नदीच्या मुखाशी हलविले. जगभरच्या शाखांनी ज्या कचेरीकडे पाहायचे ती कचेरी अड्यारला होती. (१८९५ मध्ये अमेरिकेतील शाखा मुख्यालयाशी भांडून वेगळी झाली, म्हणजे शाखांचे रुसवेफुगवेही जुनेच.) त्याच नदीच्या वरच्या अंगाला, चेंबरंबाक्कम तलावापलीकडच्या श्रीपेरुंबुदूर पट्ट्यात आज चित्र नेमके उलटे आहे. कारखाने येथे आहेत, कामगार येथे आहेत आणि मुख्यालये सोलला, फिनलंडला किंवा तैवानला. या पट्ट्यातील दोन कंपन्यांची कहाणी दिल्लीच्या धोरणकर्त्यांनी एकत्र वाचायला हवी होती. ती तशी वाचली गेल्याचे दिसत नाही.

पहिली कहाणी ह्युंदाईची. १९९६ मध्ये भारतात आलेल्या या कोरियन कंपनीने इरुंगाट्टुकोट्टैला मोटारींचा कारखाना उभारला, १९९८ मध्ये ‘सँट्रो’ रस्त्यावर आणली आणि पुढे देशात मारुतीखालोखालचे स्थान मिळविले. तब्बल २८ वर्षे या भारतीय उपकंपनीचे सर्वच्या सर्व समभाग सोलच्या मातृकंपनीकडे होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यातील साडेसतरा टक्के समभाग १,९६० रुपये भावाने भारतीय बाजारात विकले गेले. २७,८७० कोटी रुपयांची ही विक्री तोवरची देशातील सर्वांत मोठी. वृत्तपत्रांतून ‘भारतीय बाजारावरचा विश्वास’ असे तिचे वर्णन झाले. त्या वर्णनात एक बारीक तपशील हरवला. या रकमेतील एक रुपयाही चेन्नईच्या कंपनीच्या तिजोरीत आला नाही. कंपनीने नवे समभाग काढलेच नव्हते. मातृकंपनीने आपल्या हातातील जुने समभाग विकले होते. ह्युंदाईने जनरल मोटर्सकडून घेतलेल्या तळेगावच्या कारखान्याशी या रकमेचा संबंध असावा, असा समज महाराष्ट्रात अनेकांचा झाला. तोही चुकीचा होता.

मातृकंपनीने हा व्यवहार का केला, याचे उत्तर बाजाराच्या स्वभावात आहे. सोलच्या शेअरबाजारात ह्युंदाई समूहाची किंमत तिच्या वार्षिक नफ्याच्या पाचपटींच्या आसपास होत होती. भारतीय उपकंपनीची विक्री मात्र नफ्याच्या सुमारे सव्वीस पटींनी झाली. एकाच घराण्याच्या मोटारी, एकच नाममुद्रा. पण जेथे गुंतवणूकदाराची भूक मोठी तेथे ताटाची किंमतही मोठी. जो विक्रेता अशा ठिकाणी विकणार नाही तो व्यापारी कसला? छोट्या गुंतवणूकदारांनी मात्र या वेळी शहाणपण दाखविले. त्यांच्यासाठी राखलेल्या समभागांपैकी जेमतेम निम्म्यांनाच मागणी आली आणि नोंदणीच्या दिवशी भाव सुमारे सात टक्क्यांनी घसरला. २०२५ मध्ये तो पुन्हा विक्रीच्या किमतीवर गेला, हेही नमूद केले पाहिजे. प्रश्न भावाचा नाहीच.

प्रश्न आहे तो भागीदार घरात येण्यापूर्वी झालेल्या आवराआवरीचा. विक्रीपूर्वीच्या आर्थिक वर्षात उपकंपनीने मातृकंपनीला दहा हजार कोटी रुपयांहून अधिक लाभांश दिला. त्यानंतर २०२४ च्या मध्यात तंत्रज्ञान व नाममुद्रेच्या वापरापोटी द्यावयाच्या रॉयल्टीचा दर उलाढालीच्या साडेतीन टक्के असा वाढवून निश्चित करण्यात आला. हे सारे कायदेशीर होते आणि विक्रीच्या माहितीपत्रकात छापलेलेही होते. तरी त्याचा अर्थ समजून घेतला पाहिजे. उपकंपनी पूर्णपणे मालकीची असते तेव्हा पैसा लाभांश म्हणून गेला काय आणि रॉयल्टी म्हणून गेला काय, करातील फरक वगळता मातृकंपनीला दोन्ही सारखेच. उजव्या खिशातून डाव्यात. पण साडेसतरा टक्क्यांचे भागीदार आले की शंभर रुपयांच्या लाभांशातील साडेसतरा रुपये त्यांना द्यावे लागतात. रॉयल्टीचे तसे नसते. ती खर्च म्हणून नफा मोजण्यापूर्वीच वजा होते आणि तिच्यात कोणी वाटेकरी नसतो. कंपनीची २०२३-२४ ची उलाढाल सुमारे सत्तर हजार कोटींची आणि नफा सहा हजार कोटींचा होता. ढोबळ हिशेबाने साडेतीन टक्के म्हणजे दोन हजार चारशे कोटी रुपये. एवढी रक्कम कोणत्या खिशात जाते, हे ठरविणारा हात एकच आहे.

दुसरी कहाणी नोकियाची. याच पट्ट्यात २००६ मध्ये उत्पादन सुरू करणारा तिचा कारखाना हे तमिळनाडूचे भूषण मानले जाई. सुमारे आठ हजार कायम कामगार, त्यांत खेड्यापाड्यांतून आलेल्या तरुण मुलींचे प्रमाण मोठे. जानेवारी २०१३ मध्ये प्राप्तिकर खात्याने तेथे तपासणी केली आणि सुमारे दोन हजार कोटींची मागणी केली. वाद होता तो पुन्हा खिशांचाच. फोनमध्ये भरायच्या सॉफ्टवेअरपोटी भारतीय कंपनी फिनलंडला जे पैसे पाठवी ती रॉयल्टी आहे, सबब कर कापायला हवा होता, असे खात्याचे म्हणणे; ती मालाची साधी खरेदी आहे, असे कंपनीचे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मायक्रोसॉफ्टने नोकियाचा फोन व्यवसाय घेण्याचे जाहीर केले. करार ५४४ कोटी युरोंचा. हेलसिंकीच्या बाजारात नोकियाचा भाव एका दिवसात सुमारे एक तृतीयांशाने उसळला. इकडे कारखान्यावर जप्ती होती. तो हस्तांतरित करायचा तर साडेतीन हजार कोटींची हमी द्यावी लागेल, ही अट सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१४ मध्ये कायम ठेवली. नोकियाने हमी दिली नाही. तिने कारखानाच व्यवहारातून वगळला आणि एप्रिलमध्ये उर्वरित व्यवहार पूर्ण केला. १ नोव्हेंबर २०१४ रोजी कारखाना बंद झाला. बहुतेक कामगारांनी त्यापूर्वीच स्वेच्छानिवृत्तीचे पैसे घेऊन गावची वाट धरली होती. कराचा वाद २०१८ मध्ये भारत आणि फिनलंड यांच्या आपसातील बोलणीतून सुमारे वीस कोटी युरोंवर मिटला. तोवर मिटवायला कारखाना उरला नव्हता.

नोकियाच्या बाबतीत खात्याने जे केले ते उशिरा आणि घाव घालावा तसे केले. ज्या पैशावर डोळा ठेवायचा तो वर्षानुवर्षे जात असताना कोणी विचारले नाही आणि विचारले तेव्हा जप्तीच्या भाषेत. डिसेंबर २००९ पर्यंत देशांतर्गत विक्रीच्या पाच टक्क्यांवर आणि निर्यातीच्या आठ टक्क्यांवर रॉयल्टी पाठवायची तर सरकारची परवानगी लागे. मनमोहन सिंग सरकारने हे बंधन उठविले. पुढे मोदी सरकारच्या काळात ते पुन्हा आणण्याची चर्चा झाली आणि विरली. परकी गुंतवणुकीचे आकडे दोन्ही सरकारांना हवेहवेसे. या रांगेत वाईटपणा घ्यायला कोणीच तयार नाही.

सरकारने सोडलेली जागा शेअरबाजाराच्या नियामकाने घ्यावी, अशी अपेक्षा होती. उदय कोटक समितीच्या शिफारशींनंतर ‘सेबी’ने २०१८ मध्ये नियम केला की, रॉयल्टी उलाढालीच्या दोन टक्क्यांवर गेली तर इतर भागधारकांची मंजुरी लागेल आणि त्या मतदानात मातृकंपनीला भाग घेता येणार नाही. नियम लागू होण्याची तारीख पुढे ढकलली गेली आणि जून २०१९ मध्ये ‘सेबी’च्या मंडळाने ही रेषा दोनावरून पाचावर नेली. तीन टक्क्यांचा हा फरक वाचताना किरकोळ वाटतो. ह्युंदाईच्या उलाढालीवर तो दोन हजार कोटींचा आहे. आणि मोठ्या कंपनीचा छोटा भागधारक म्हणजे कोणी सट्टेबाज नव्हे. सत्तरच्या दशकात ‘फेरा’ कायद्यामुळे कोलगेटसारख्या परकी कंपन्यांना आपले समभाग भारतीयांना विकणे भाग पडले, तेव्हा सरकारी नियंत्रकाने ठरविलेल्या स्वस्त भावात ते घेणाऱ्यांत गिरगाव-दादरचे कारकून आणि शिक्षकही होते. आज त्यांच्या नातवंडांचे पैसे म्युच्युअल फंडांच्या वाटेने त्याच प्रकारच्या कंपन्यांत जातात.

हा छोटा भागधारक संधी मिळाली तर काय करू शकतो, हे मे २०२४ मध्ये दिसले. नेस्ले इंडियाने स्वित्झर्लंडच्या मातृकंपनीला द्यावयाची रॉयल्टी साडेचारवरून टप्प्याटप्प्याने सव्वापाच टक्क्यांवर नेण्याचा ठराव मतदानाला टाकला. मातृकंपनीला मत नव्हते. उरलेल्यांनी बहुमताने ठराव फेटाळला आणि दर साडेचार टक्क्यांवरच राहिला. तेव्हा ना कारखाना बंद पडला, ना कोणी देश सोडून गेले. त्यानंतर महिनाभरातच ह्युंदाईचा साडेतीन टक्क्यांचा दर निश्चित झाला. दोन टक्क्यांची जुनी रेषा कायम असती, तर नव्या भागधारकांना त्यावर मत देण्याचा हक्क पोहोचला असता. पाचाच्या रेषेखाली तो पोहोचत नाही.